सव्वासहा किलो ज्वारी

"आबा, रात्रभर रेल्वेत अंग आंबवून गेलो, अन् तुम्ही आम्हाला मेलेली जनावरं दाखवून आणलं!"

धाकटीनं हे इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या अंगणातली माणसंसुद्धा हसली. मुंबईहून परतून दोन दिवस झाले होते. राणीसावरगावात ऊन उतरलं होतं, बाजा अंगणात आल्या होत्या आणि आजी उद्याच्या दळणाची ज्वारी निवडत ओट्यावर बसली होती. थोरला सातवीतला. तो बहिणीच्या बाजूनं बोलला नाही, पण त्यालाही संग्रहालयापेक्षा समुद्रच जास्त आवडला होता हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मेलेली खरीच. पण मेलेलं जनावर उभं का करतात, ते आधी आजीला विचार."

आजीनं सुपातून नजर न काढता सांगितलं, "वासरू मेलं की त्याच्या कातड्यात भुसकट भरून गाईपुढं ठेवायचे. गाय त्याला चाटायची अन् पान्हा सोडायची. माझ्या बापाच्या गोठ्यात होतं तसलं एक."

ऐकलंत? ही विद्या आपल्या गोठ्यात होतीच, मुंबईत ती काचेमागं गेली एवढंच. फरक इतका की तिथं आत भुसकट नसतं. आधी जनावराची मापं घेतात, मग लाकूड, तार, लगदा, प्लास्टर असं वापरून त्याचं अंग घडवतात आणि त्यावर कातडं चढवतात. डोळे काचेचे. म्हणजे त्या वाघाचं कातडं वाघाचं, बाकीचा वाघ कारागिराचा. त्या कारागिराला गणपतीच्या मूर्तिकाराचा हात लागतो आणि कसायाइतकी शरीराची माहिती लागते. पूर्वी कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमल चोळायचे. म्हणून जुन्या नमुन्यांना हात लावू देत नाहीत. राखणदार तुझ्यावर खेकसला तो काय उगाच नाही.

ते घुमटाचं संग्रहालय म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. आमच्या पिढीच्या तोंडी जसं अजून व्हीटी आहे तसंच प्रिन्स ऑफ वेल्सही आहे, ते निघता निघत नाही. इमारत १९१४ साली झाली, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि तिथं जखमी शिपायांचं इस्पितळ निघालं. लोकांना ते पाहायला मिळालं १९२२ साली. तिथला प्राण्यांचा विभाग उभारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हातभार लावला. ही सोसायटी त्याहून म्हातारी, १८८३ सालच्या सप्टेंबरातली. आठ माणसं भायखळ्याच्या संग्रहालयात जमली, तेच आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं आहे. सहा गोरे आणि दोन आपले. डॉक्टर आत्माराम पांडुरंग, ज्यांनी प्रार्थना समाज काढला ते, आणि डॉक्टर सखाराम अर्जुन, म्हणजे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील. साहेबांच्या खेळातले हे दोन मराठी डॉक्टर आपल्या शाळेच्या पुस्तकांत क्वचितच भेटतात, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

"पण जमवायचं कशाला?" थोरला म्हणाला. "एक वाघ ठेवला तर समजलं. लाख-लाख कशाला?"

त्यानं बरोबर बोट ठेवलं. आपण कपाटात पाहिली ती मूठभर. सोसायटीच्या खणांमध्ये लाखाच्या वर नमुने आहेत. पक्षी आडवे निजवलेले, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी: कुठं मिळाला, कधी, कुणाला. त्या चिठ्ठीशिवाय पक्ष्याला काडीची किंमत नाही.

आता याचा उपयोग ऐका. गोष्ट इंग्लंडातली आहे पण आपल्या कपाशीच्या रानाला लागू आहे. तिकडं ससाणे कमी व्हायला लागले. घरट्यात अंडी फुटलेली सापडायची. मादी बसली की अंडं खालीच चेंदायचं. डेरेक रॅटक्लिफ नावाच्या संशोधकाला वाटलं, कवच पातळ झालं असावं. पण पातळ म्हणायचं तर आधी जाड किती होतं हे कळायला हवं, आणि जुनी अंडी आणायची कुठून? ती होती. संग्रहालयांच्या आणि हौशी लोकांच्या खणांमध्ये कापसात ठेवलेली, साल लिहिलेली, शंभर-शंभर वर्षांची. त्यानं ती तोलली, मापली. १९४७ च्या आसपासपर्यंत कवच जसंच्या तसं, आणि तिथून पुढं एकदम जवळजवळ पाचव्या हिश्शानं पातळ. याच सुमाराला शेतांवर डीडीटी फवारायला सुरुवात झाली होती. १९६७ साली त्यानं हे छापलं. ज्यांनी ती अंडी जमवली त्यांना डीडीटी हा शब्दही माहीत नव्हता. निव्वळ हौस म्हणून ठेवलेल्या अंड्यांनी पुढं साक्ष दिली.

आपल्याकडं गिधाडांचं तेच. मी तुझ्याएवढा असताना गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात त्यावर गिधाडं उतरायची. तुम्ही दोघांनी एक तरी पाहिलंय का? गुरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. गुरांसाठी ते औषध २००६ साली बंद केलं, पण तोवर आभाळ मोकळं झालं होतं.

धाकटीला हे जड झालं. तिनं विषय वळवला, "तो मोठ्या चोचीचा मला आवडला."

तो धनेश. त्याच्या डोक्यावरचं ते पिवळं शिंगासारखं बांधकाम जड वाटतं, पण आत पोकळ, भोपळ्यासारखं. त्याच्या घरची रीत मात्र तुमच्या आजीला पटेल. मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चिखल, विष्ठा, फळांचा चोथा, जे हाताशी असेल ते. एवढीशी फट तेवढी ठेवते. आत ती पंखांची पिसंही झाडते, म्हणजे बाहेर पडायचं म्हटलं तरी उडता येणार नाही. अंडं उबवायला लागतात अडतीस-चाळीस दिवस. आपल्याकडं बाळंतिणीला खोलीत ठेवायचे ते किती?

"सव्वा महिना," आजी म्हणाली.

तेवढेच की! आणि सव्वा महिनाच नाही, त्याच्याही पुढं नर बिचारा दिवसभर उंबर-वडाची फळं गिळून आणतो आणि फटीतून एकेक करून आत देतो. नराला कुणी मारलं तर आतलं सगळं कुटुंब धोक्यात. म्हणून एका धनेशाची शिकार म्हणजे एकाची शिकार नसते.

सोसायटीच्या कचेरीत असला एक धनेश खराखुरा राहत होता. नाव त्याचं विल्यम. १८९४ साली कारवारकडून पिल्लू असताना आला आणि सव्वीस वर्षं चिटणिसाच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात राहिला. फेकलेला चेंडू चोचीत झेलायचा. कुणाची तरी पेटती चिरूट गिळली आणि त्याला काही झालं नाही. पुढं १९२० साली तारेचा तुकडा गिळला, तो मात्र बाधला. आजही सोसायटीच्या बोधचिन्हावर धनेश आहे आणि त्यांच्या इमारतीचं नाव हॉर्नबिल हाउस. आपण संग्रहालयातून बाहेर पडलो, तिथून ती हाकेवर होती. तुम्हाला भूक लागली म्हणून राहून गेली.

याच सोसायटीत १९०८ साली एक पोरगा कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन गेला होता. त्यानंच छऱ्याच्या बंदुकीनं मारलेली, पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, तो काही त्याला उलगडेना. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हाकललं नाही. खण उघडून एकेक पक्षी दाखवत बसले. ते पोरगं म्हणजे सलीम अली. पुढं १९२६ साली तेच या संग्रहालयात लोकांना पक्षी समजावून सांगायच्या नोकरीला लागले. थोरल्या, ती चिमणी मारली तेव्हा ते तुझ्याच वयाचे होते. पण तू गलोल काढायला पळू नकोस.

आणि ते गुलाबी पायांचे? रोहित पक्षी. ते पाहायला मुंबईला जायची गरज नव्हती हे कबूल करतो. हिवाळ्यात ते आपल्या गोदावरीवर, पैठणच्या नाथसागरात उतरतात. ज्या धरणाचं पाणी डाव्या कालव्यानं आपल्या जिल्ह्यात येतं, तिथंच. पण तिथं ते लांबवर एक गुलाबी रेघ असतात. चोच कशी वाकडी आहे, हे काचेजवळ नाक नेल्यावरच दिसलं ना? ती वाकडी कारण तो डोकं उलटं करून जेवतो. वरचा जबडा खाली, खालचा वर. जाड जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या चाळणीतून बाहेर ढकलायचं, मागं राहतं ते शेवाळ आणि बारीक कोळंबी. रंग त्यातूनच येतो. पिल्लू जन्मतं राखाडी. हळद-कुंकवासारखा वरून लावलेला रंग नव्हे तो, खाल्लेला रंग आहे. आणि धाकटे, तू म्हणालीस त्याचा गुडघा मागं वाकतो. तो गुडघा नाहीच, ती टाच. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. आपल्या कोंबडीचंही तसंच आहे, सकाळी बघ.

गव्यापुढं मात्र तुम्ही दोघंही गप्प उभे होतात. मीही. इंग्रजी पाटीवर त्याला बायसन म्हणायची रीत आहे, पण बायसन अमेरिका-युरोपातला, वेगळा. गवा आपल्या बैलाचा भाऊबंद. वजन टनाच्या घरात, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आपली देवणी जोडी त्याच्यापुढं खोंडं वाटतील. पण असाच एक दांडगा बैल एके काळी गोदावरीच्या काठी चरत होता. प्रवरा-गोदावरीच्या दरडींत त्याची दगड झालेली हाडं निघाली आहेत. पहिली ओळख नर्मदेकाठच्या हाडांवरून झाली, म्हणून शास्त्रात त्याला नर्मदेचं नाव मिळालं. आपले वशिंडाचे बैल त्याच्याच कुळातले असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे पोळ्याला आपण ज्याला पुरणपोळी भरवतो त्याचा पणजोबा दगड होऊन बसलाय.

अन् एकटा बैलच नाही. आपल्या बालाघाटात उगम पावणारी मांजरा, तिच्या खोऱ्यात हत्ती होते, मगरी होत्या, आणि पाणघोडे होते.

"पाणघोडे? आफ्रिकेतले?" थोरला उठून बसला.

त्यांचे नातलग. इथले, लातूरकडचे! पुढं पाऊस आटला, डोह सुकले आणि ते नाहीसे झाले असा कयास आहे. आणि जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे, तिथं शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली. पुरातत्त्व खात्याच्या स. अ. साळी यांनी तिथं खोदकाम केलं. एका तुकड्यावर माणसानं कोरलेली नक्षी आहे, आडव्या-तिरप्या रेघांची. पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. खानदेशात शहामृग पळत होता आणि त्याच्या अंड्यावर कुणीतरी फुरसतीनं रांगोळी काढत होतं.

लेकरांनो, नदीच्या दरडीत किंवा विहिरीच्या ढिगात असं जड, दगडासारखं हाड दिसलं तर फोडू नका, घरीही आणू नका. कुठं होतं त्यातच अर्धी गोष्ट असते. जागा नीट ध्यानात ठेवून गुरुजींना सांगा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ही हाडं वाचणारी माणसं आहेत.

"पंचवीस हजार म्हणजे किती?" धाकटीनं विचारलं. मोठा आकडा लहान मुलाला काय आणि मला काय, नुसता आवाज असतो. मी आजीच्या सुपातून चिमूटभर ज्वारी घेतली.

"एक दाणा म्हणजे एक हजार वर्षं. गंगाखेडच्या जनाबाई होऊन किती वर्षं झाली? सातशेच्या आसपास. म्हणजे जनाबाईंपासून आजपर्यंत एक दाणासुद्धा पुरा होत नाही." दाणा तिच्या तळहातावर ठेवला. "हे पंचवीस दाणे. हा शहामृग."

तिनं ते मोजले. चुलीपुढं सांडले तर कुणी वाकून उचलणार नाही एवढे.

आता आपल्या पायाखालचा दगड. हा बालाघाट दुरून पाहा, जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. म्हणून या खडकाला ट्रॅप म्हणतात. स्वीडिश भाषेत जिन्याला तसाच शब्द आहे. एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. उंच तोंडाचा ज्वालामुखी नव्हता तो, जमीनच लांबलांब भेगाळली आणि रस पसरत गेला. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे, आणि आपली काळी माती त्याच दगडाची कुजून झालेली. सहा कोटी साठ लाख वर्षं झाली त्याला.

"म्हणजे सासष्ट हजार दाणे," थोरल्यानं हिशेब केला. मला बरं वाटलं.

रस निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, धिरड्याला जाळी पडते तसे. मागाहून गरम पाणी त्या पोकळ्यांतून झिरपलं आणि विरघळलेली खनिजं आत स्फटिक होऊन बसली. विहीर खणताना काळ्या पाषाणात पांढऱ्या गारा निघतात आणि आपण त्या बांधावर फेकतो, त्यांचेच हे श्रीमंत चुलतभाऊ. अपोफिलाइट, स्टिल्बाइट, पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाइट. भोरघाटातून रेल्वे नेताना सुरुंगांतून असले स्फटिक निघाले आणि तेव्हापासून ते लंडनच्या संग्रहालयापर्यंत पोचले. तिथली माणसं जे बघत असतील, त्यातलं काही आपल्याच दगडाच्या पोटातलं. नाशिकजवळ सिन्नरला तर गारगोटी नावाचं आख्खं संग्रहालय आहे.

"आबा, पण डायनासोर नव्हता," थोरला अखेर मनातलं बोलला. रेल्वेत चढल्यापासून त्याला तेवढंच हवं होतं.

नव्हता. आपल्या गावातही तो मिळायचा नाही, कारण उकळत्या रसात हाड टिकत नाही, आणि त्याच्या जुन्या जमिनी त्या रसाखाली गाडल्या गेल्या. पण गंगाखेडला आपण ज्या गोदावरीत पाय धुतले, तीच पुढं नांदेड करत तेलंगणातून गडचिरोलीच्या सिरोंच्याला जाते. तिथं लाव्हा नाही, जुने गाळाचे खडक उघडे आहेत. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेची माणसं तिथं हिंडत होती. आकड्यांच्या संस्थेला हाडांचं काय, असं वाटेल. पण संस्थापक महालनोबीसांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या बाईंना बोलावून भूशास्त्राचा विभाग काढला होता. सिरोंच्याजवळच्या पोचमपल्ली गावात हाडं दिसली. १९६१ च्या सुमारास ती खणून काढली. तीनशेच्या आसपास हाडं, निदान सहा जनावरांची, आणि त्यांच्यासोबत दगड झालेले मोठमोठे ओंडके. मोठा पूर आला असावा, कळपही वाहिला आणि झाडंही.

एकट्या मांडीचं हाड पावणेदोन मीटरच्या घरात. तुझ्या बापाच्या उंचीएवढं! म्हणून नाव ठेवलं बारापासॉरस. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. आणि ते साल रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं, म्हणून पुढं 'टागोरी'. एवढा मोठा सरडा कवीच्या नावानं ओळखला जातो, हे बंगाल्यांनाच सुचावं. आपण ज्ञानोबांचं नाव कशाला दिलं असतं का, कोण जाणे. हे जनावर पाला खाणारं, चौदा मीटरच्या आसपास लांब. त्याचा सांगाडा कोलकात्याला त्या संस्थेत उभा आहे. मी तो पाहिलेला नाही, वाचलेलं सांगतोय.

"किती दाणे?"

अठरा कोटी वर्षांच्या आसपास. एक लाख ऐंशी हजार दाणे. हे कोण मोजत बसणार? हजार दाण्यांचं वजन पस्तीस ग्रॅम धरलं, तर लाव्हा होतो सव्वादोन किलो आणि बारापासॉरस सव्वासहा. मी आजीला म्हटलं, "सुपात किती आहे?"

"पाच असेल. दळणाला न्यायचीय, खेळायला नाही."

मग घरातून आणखी सव्वा किलो आणावी लागली. सगळी ज्वारी चादरीवर ओतली, आणि धाकटीनं मुठीत धरलेले पंचवीस दाणे तिच्या कडेला मांडले. थोरला बराच वेळ ढिगाकडं बघत होता. त्यानं एकच दाणा उचलला, अर्धा चावून टाकला आणि म्हणाला, "जनाबाई."

आजीनं कपाळाला हात लावला.

"त्याचं डोकं कसं होतं?" धाकटीला शेवटी हेच विचारायचं होतं. मुंबईतही ती प्रत्येक जनावराचा चेहरा आधी बघायची.

तेवढंच सांगता येत नाही, बाई. पाय आहेत, मणके आहेत, शेपूट आहे. सहा जनावरांतल्या एकाचंही डोकं मिळालं नाही, थोडे दात तेवढे मिळाले. वाचणाऱ्यांपैकी कुणी सिरोंच्याकडं निघालं, तर तिथलं वडधमचं जीवाश्म उद्यान बघून या. डोकं अजून गोदावरीकाठीच कुठंतरी असेल.